अंगठ्याला बसायला जागा

सोमवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी, मल्की भागात, बाह नेस्टारच्या बायकोच्या घराच्या मागच्या खोलीत, एवारिलिन खारबुली गिटारच्या एफ कॉर्डवर वेळेवर पोचली. बाकीचे तिघं पोचले नाहीत. तिचा कॉर्ड एकटाच वाजला, पत्र्याच्या छतापर्यंत गेला, आणि मग ड्रम, बास आणि गाणाऱ्या डाफिराचा आवाज एकामागोमाग येऊन त्याच्यावर आदळले. गाणं तिथेच मोडलं. बास वाजवणारा फर्डी कोपऱ्यातल्या बटाट्याच्या पोत्यांना टेकून उभा होता. तो म्हणाला, "कोण चुकलं?" नेस्टारने दोन्ही काठ्या मांडीवर आडव्या ठेवल्या आणि त्यांच्याकडेच पाहत राहिला. शेवटी डाफिरा, जी तिला ताई या अर्थाने काँग म्हणायची, म्हणाली, "काँग एवा, तू आधी आलीस."

"मी आधी नाही आले. मी बरोबर आले."

"तेच ना," फर्डी म्हणाला. "तू बरोबर कशी काय आलीस?"

तो हसत होता, पण प्रश्न खरा होता, आणि एवारिलिनला तो ताबडतोब कळला नाही. तिने आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं. पहिलं बोट पहिल्या पडद्यावर आडवं झोपलेलं, सहाही तारा त्याच्याखाली दाबलेल्या, आणि गिटारच्या मानेमागे अंगठा. अंगठा स्वस्थ होता. बाकावर जागा मिळालेल्या माणसासारखा बसला होता. हात एफला गेला कधी, हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं. आजवर हा कॉर्ड येणार हे तिला चार ओळी आधीपासून कळायचं, घरासमोरचा चढ दिसायला लागावा तसं. मनगट आधीच आवळायचं, खांदा वर चढायचा, मोडका अंगठा मानेमागच्या गोलाईवर जागा शोधत घसरायचा, आणि मग बोट पडायचं. गिटारला नव्याने बसवलेल्या मानेवर यातलं काहीच घडलं नव्हतं.

"तुला सांगायला हवं आता," नेस्टार म्हणाला. तो साठीचा, सगळ्यांचा बाह, म्हणजे दादा, वीज खात्यातून निवृत्त झालेला, बोलण्यात काटकसरी. "आम्ही तिथे थांबतो, एवा. तुझ्यासाठी."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

"पहिल्यापासून म्हणजे?"

"चर्चच्या मागच्या पायऱ्यांवर वाजवायचो, तेव्हापासून."

"आणि मला कुणी बोललं नाही?"

"बोलून काय झालं असतं? तू घाई केली असतीस. घाईत तू जास्त उशीर करतेस."

तिने डाफिराकडे पाहिलं. डाफिरा त्यांच्यात येऊन काही वर्षंच झाली होती, पायऱ्यांच्या वेळी ती जन्मलीही नव्हती. डाफिरा ओशाळून म्हणाली, "मला पहिल्याच दिवशी बाहने सांगितलं होतं. तिथे श्वास घ्यायचा म्हणून."

लाल चहा आला, केळीच्या पानात वाफवलेल्या तांदळाच्या वड्या आल्या, फर्डीने सुपारी कातरून पानाला चुना लावून सगळ्यांना दिली. एवारिलिनने पान तोंडात धरलं आणि चावायला विसरली. तिला अपमान वाटायला हवा होता. तिने तो शोधून पाहिला, दुखऱ्या दाताला जीभ लावून पाहावी तसा, आणि तिथे तिला दुसरंच काही लागलं. ते काय होतं, याला तिच्याकडे शब्द नव्हता. ही माणसं, लग्नं झालेली, एकाची बायको गेलेली, एकदा फर्डी आणि नेस्टार वर्षभर एकमेकांशी न बोललेले, आणि त्या वर्षातही दोघं त्या जागी तिच्यासाठी थांबत होते. नक्कीच थांबत असणार. कारण त्या वर्षीसुद्धा तिला एफवर कोणी गाठलं नव्हतं, आणि कोणी मागेही सोडलं नव्हतं.

गिटार पाठीला लावून ती चढाने घरी निघाली. अंगठा मोडला तेव्हा ती नऊ वर्षांची होती. मामा मॉसिनरामहून बटाटे आणायचा, त्याच्या ट्रकचं दार जड होतं, आणि मामाने ते आपल्या स्वभावाप्रमाणे ताकदीने लावलं. हाड जुळलं, पण सांधा वाकायचा थांबला. त्यांच्यात घरात मामाचा शब्द शेवटचा, म्हणून आई त्याला काही बोलू शकली नाही, फक्त पुढचे कितीतरी दिवस त्याच्या ताटात मासा वाढायची नाही. त्या नाताळाला मामा गिटार घेऊन आला. अंगठा न वाकणाऱ्या मुलीला गिटार. हातमोजे न मिळाल्यामुळे आणली असं तो पुढे सांगायचा, आणि सांगताना दुसरीकडे पाहायचा. त्या गिटारची मान घराच्या खांबासारखी होती. तिने ती कवेत घेतल्यासारखी धरली. हात कसा धरायचा हे तिला कोणी शिकवलं नाही, आणि शिकवलं असतं तरी तो अंगठा शिकला नसता. तिने आपली वाट काढली. तिच्या सगळ्या वाटा एफपाशी येऊन मोडायच्या, म्हणून तिथे ती खाली उतरायची आणि पायी पलीकडे जायची. तिला वाटायचं, सगळेच असं करतात. पुढे गिटार बदलल्या, विजेची आली, माना जरा बारीक झाल्या, पण सगळ्या मागून गोलच होत्या. गोल वस्तूवर सरळ काठी उभी करायला सांगितल्यासारखं तिचं आयुष्यभर चाललं होतं, आणि तिची त्याबद्दल कुणाकडे तक्रार नव्हती.

तक्रार अंगठ्यानेच केली. गेल्या हिवाळ्यात त्याच्या मुळाशी असलेला सांधा सुजला, चहाचा कप उचलवेना. डॉक्टरने एक्स-रे काढून पाहिले आणि म्हणाला, वाजवणं सोडा, नाहीतर हा सांधा तुम्हाला सोडेल. ती शाळेत गाणं शिकवायची. वर्गात तिने पेटीवर भागवलं, घरी गिटार पलंगाखाली सरकवली, आणि वसंतभर ती चिडकी झाली. मग बान्जोप आला. एके काळचा तिचा विद्यार्थी, आता मॉप्रेममध्ये दुइतारे, म्हणजे तिकडची लाकडी तंतुवाद्यं, आणि गिटार बनवायचा, तोंडाचा फटकळ, स्वतःच्या हुशारीवर जाम खूश. त्याने तिच्या स्वयंपाकघरात बसून तांदळाच्या पिठाचा घट्ट गोळा मळला, तो एका लांब फळीवर मानेसारखा थापला आणि म्हणाला, "काँग, धर. विचार करू नकोस. जिथे हाताला बरं वाटेल तिथे धर." ती धरत गेली, पहिल्या पडद्यावर, पाचव्यावर, बाराव्यावर. पिठात तिच्या तळहाताच्या दऱ्या उमटल्या. बान्जोप त्या दऱ्यांकडे वाकून पाहत म्हणाला, "तुझा हात गोल वस्तू मागतच नाही. कधी मागत नव्हता. तू इतकी वर्षं काय करत होतीस?"

त्याने केलेली मान मागून गोल नव्हती. तिला तीन सपाट बाजू होत्या, उतरत्या छपरासारख्या, मधली रुंद. आणि ही रुंद बाजू सरळ जात नव्हती. वरच्या टोकाला ती जाड तारांकडे कललेली होती, आणि खाली सरकत जावं तशी वळत वळत दुसरीकडे गेलेली. दुरून मान कुणीतरी पिळून ठेवल्यासारखी दिसायची. फर्डीने ती हातात घेऊन विचारलं होतं, "ही गिटारची मान आहे की बिघडलेल्या खुर्चीचा पाय?" त्याच्या हाताला ती टोचली. नेस्टारच्या मुलानेही धरून पाहिली आणि तोंड वाकडं करून परत दिली. पण एवारिलिनने धरली तेव्हा तिचा न वाकणारा अंगठा त्या सपाटीवर टेकला आणि पुढे जायला निघालाच नाही. तिने हात खाली सरकवला. सपाटी हाताबरोबर वळत आली. कुणीतरी हात धरून जिना उतरवावा तशी. त्या दिवशी ती दुपारभर वाजवत बसली, भात लागला, शेजारीण ओरडून गेली, आणि ती हसत होती. डोळ्यांत पाणीही होतं, पण ते महत्त्वाचं नव्हतं, करपलेल्या भाताच्या धुरानेही ते आलं असेल. आरामाला इतका आवाज असतो हे तिला माहीत नव्हतं. तारा मोठ्या वाजत होत्या, कारण हात त्यांना दाबण्यात खर्च होत नव्हता.

आणि आता हा आराम गाण्याच्या आड आला होता. गाणं एकच होतं, त्यांचं स्वतःचं, बाजारातून चढाने घरी येणाऱ्या बाईचं. बाकी सगळी ते दुसऱ्यांची वाजवायचे. पण हे गाणं शहराला पाठ होतं. शनिवारी मैदानावरच्या जत्रेत ते वाजणार होतं, आणि लोक त्याचीच वाट पाहणार होते. नेमकी कशाची वाट, हे तिला त्या चढावर उमगलं. कडव्याच्या शेवटी, एफच्या आधी, जिथे क्षणभर काहीच वाजत नाही, तिथे लोक पाय आपटून "होई किउ" ओरडायचे. धनुष्यबाणाच्या खेळात, लग्नात, जोडओळी म्हणताना ओरडतात तसं. तिला वाटायचं, लोकांना गाणं आवडतं म्हणून ते ओरडतात. ते तिच्या अंगठ्याच्या उशिरात ओरडत होते. ती थांबली. वळणावरच्या घरातून गिटार ऐकू येत होती, तिच्या धाकट्या बहिणीच्या मुलीची आणि तिच्या मैत्रिणींची. त्या तेच गाणं बसवत होत्या. एफ आला. चौघी थांबल्या, चौदा-पंधरा वर्षांच्या, धडधाकट अंगठ्यांच्या चार मुली, बरोबर तेवढ्याच थांबल्या, आणि मग एफवर पडल्या. एवारिलिन रस्त्यात उभी राहून इतकी हसली की समोरून येणाऱ्या पाद्रीबाईंनी विचारलं, "बरं आहे ना?" ती म्हणाली, "माझं दुखणं या पोरींनी पाठ केलंय." पाद्रीबाईंना ते कळलं नाही. त्यांनी तिच्यासाठी प्रार्थना करीन असं सांगितलं.

हसू घरापर्यंत टिकलं. घरात शिरल्यावर त्याच्याखालून भीती निघाली. गाण्यातलं जे लोकांचं होतं ते तिने केलेलं नव्हतं. ते तिच्या हातून राहून गेलेलं होतं. उरलेलं, जे तिने मेहनतीने केलं होतं, ते कुणीही करू शकलं असतं. असा विचार करून ती बराच वेळ खिडकीशी बसली, आणि मग हात आपोआप गिटारकडे गेला, आणि अंगठ्याला जागा मिळाली, आणि विचार पुढे चालेना. सुखाने असं मध्येच तोडण्याची तिला सवय नव्हती.

बुधवारी ती शाळा सुटल्यावर मॉप्रेमला गेली. बान्जोप एका दुइताऱ्याच्या पोटात वाकून काहीतरी खरवडत होता. तिने गिटार त्याच्यापुढे ठेवली आणि पहिल्या पडद्यामागे बोट लावलं. "इथे जरा अडेल असं कर."

"काय?"

"थोडंसं. अंगठा जाताना अडकायला हवा."

बान्जोपने कानस खाली ठेवली. "लोक माझ्याकडे आराम मागायला येतात, काँग. दुखणं मागायला आलेली तू पहिली."

"दुखणं नको. नुसती अडचण."

"केवढी?"

"अर्ध्या ठोक्याची."

"अर्ध्या ठोक्याची अडचण लाकडात किती जाड असते, ते सांग. घासून देतो."

"घासून ती कमी होईल. मला वाढवायची आहे."

"मग सुताराकडे जा. तो प्रत्येक गोष्टीत अडचण करतो, वेगळी सांगावीही लागत नाही." तो खरंच दुखावला होता. त्याने फडताळातून तिची जुनी मान काढून तिच्या मांडीवर टाकली. "ही घे. चार स्क्रू, पाव तासाचं काम. तुझा अंगठा, तुझी मर्जी. पण माझ्या मानेला भोकं पाडायची नाहीत."

तिने जुनी मान दोन्ही हातांत धरली. मागच्या बाजूला, जिथे चांगल्या वादकाचा अंगठा असतो त्याच्या बऱ्याच वर, रोगण उडून लाकूड पांढरं पडलं होतं. एक लांबट, तिरपा ओरखडा, नदीचं पात्र सरकत जातं तसा. तिचा अंगठा ज्या वाटेने एफपर्यंत घसरत जायचा ती ही वाट. तिने त्यावरून अंगठा नेला. तो अजूनही त्या वाटेने जात होता, आणि मध्येच त्याच्या मुळाशी कळ आली, ओळखीची, जुन्या शेजाऱ्यासारखी. तिला त्या कळेबद्दल माया वाटली. पण दार उघडून आत घ्यावी इतकी नाही. "ठेव तुझ्याकडे," ती म्हणाली. "शनिवारी सकाळी सांगते."

गुरुवारी तालमीला तिने ठरवून उशीर केला. एफ आला, हात तयार होता, तिने तो हवेत धरला, मनात अर्धा ठोका मोजला, मग टाकला. सगळे बरोबर पडले. पुन्हा केलं. पुन्हा बरोबर पडले. डाफिरा खूश झाली. नेस्टारने मात्र काठ्या थांबवल्या.

"हे ते नाही," तो म्हणाला.

"वेळ तर तेवढाच आहे."

"वेळ तेवढाच आहे. पण आता तू थांबतेस. आधी तू येत असायचीस."

"त्यात फरक काय, बाह?"

नेस्टारला लांब बोलायचा कंटाळा. त्याने चहाचा घोट घेतला. "तू येत असायचीस तेव्हा ऐकू यायचं. तुझं बोट तारांवरून घासत यायचं, खर्र करून. ते ऐकून मी काठी उचलायचो. आता मधे काहीच नसतं. रिकामं असतं."

"मी तोंडाने खर्र करू?" फर्डी म्हणाला. "माझं नाहीतरी तिथे काही काम नसतं."

"तू केलंस तर लोकांना वाटेल तू खोकलास," डाफिरा म्हणाली.

"खोकू दे. वयाला शोभेल."

एवारिलिन हसली नाही. म्हणाली, "मी शनिवारी जुनी मान लावून येते. एका दिवसाने काही होत नाही."

"डॉक्टर काय म्हणाला?"

"तू डॉक्टर आहेस का?"

"नाही," नेस्टार म्हणाला. "पण तुझा अंगठा गेला, तर पुढच्या वर्षी मी कुणासाठी थांबू?"

हे तो अगदी कोरडेपणाने म्हणाला. फर्डी वाकून बासची तार लावायला लागला, जी आधीच लागलेली होती. एवारिलिन म्हणाली, "पहिल्यापासून घ्या." आणि त्यांनी पहिल्यापासून घेतलं, आणि पुन्हा ते रिकामं राहिलं.

शनिवारी सकाळी तिने बान्जोपला काहीच सांगितलं नाही. ठरवून नाही. जडोह, म्हणजे मांस घालून शिजवलेला भात, खायला चौकातल्या टपरीवर गेली, तिथे बहिणीची मुलगी भेटली, तिला मैत्रिणींसकट जत्रेला न्यायचं होतं, एकीचे बूट सापडेनात, आणि मॉप्रेमला जायची वेळ निघून गेली. काही निर्णय असेच होतात, बूट शोधता शोधता, हे तिने स्वतःशी कबूल केलं. दुपारी ऊन स्वच्छ होतं. मैदानावर भाजलेल्या कणसांचा वास होता, पायऱ्यांवर छत्र्या उघडून बायका बसल्या होत्या, मुली पुढे दोरीपाशी दाटल्या होत्या. मंचावर चढल्यावर तिने मान हातात घेतली, आणि पोटातली भीती कायम असतानाच हाताला बरं वाटलं. दोन्ही एकदम असू शकतात हे तिला नवीन होतं. हात पोटाचं ऐकत नव्हता. तीन-चार गाणी झाली. हात पाण्यासारखा खालीवर जात होता, वरच्या पडद्यांवर, जिथे ती पूर्वी कधी फिरकत नसे, तिथे जाऊन येत होता, आणि फर्डी भुवया उंचावून तिच्याकडे पाहत होता. मग नेस्टारने ठोके दिले, आणि बाजारातून घरी निघालेल्या बाईचं गाणं सुरू झालं.

थांबायचं की नाही हे तिने ठरवलं नव्हतं. चार ओळी आधी तिने चढ दिसतो का पाहिलं. दिसला नाही. रस्ता सपाट होता, अंगठा बसलेला होता. डाफिराची ओळ संपली, हात गेला, आणि एफ वाजला, वेळेवर, पूर्ण, सहाही तारांचा. नेस्टार थांबला होता. फर्डी थांबला होता. डाफिराने श्वास घेतला होता. इतक्या वर्षांच्या सवयीने तिघं आपापल्या जागी थांबले होते, आणि समोर सगळं मैदान पाय आपटून "होई किउ" ओरडलं, त्यांच्या नेहमीच्या जागी. पण या वेळी ती जागा रिकामी नव्हती. त्यात तिचा कॉर्ड वाजत होता, एकटा, आणि लोकांच्या ओरडण्याखालून तो लांबत होता. पुढच्या रांगेतल्या काही मुली गोंधळून गप्प झाल्या. मागच्या बायका आणखी जोराने ओरडल्या. एवारिलिनला कळलं की ती पोचून उभी आहे, आणि बाकीचे अजून यायचे आहेत. त्यांची वाट पाहताना हातात करायला काही नसतं. नुसतं कॉर्ड धरून राहायचं असतं आणि ते येतील याची खात्री बाळगायची असते. हे असं असतं होय, तिला वाटलं, आणि तिला हसू आलं, मोठ्याने, मायकात गेलं असेल इतक्या मोठ्याने. मग ते आले. आधी काठी, मग बास, मग आवाज, आणि कॉर्ड चौघांचा झाला.

पायऱ्यांवरचे लोक टाळ्या वाजवत होते की हुर्यो करत होते, हे मंचावरून नीट कळत नव्हतं. फर्डीने तिच्याकडे झुकून काहीतरी विचारलं, तेही कळलं नाही. दुसरं कडवं सुरू झालं होतं आणि त्याच्या शेवटी तोच एफ होता. नेस्टार ड्रमच्या पलीकडून तिच्या डाव्या हाताकडे पाहत होता, आणि त्याची उजवी काठी आधीच वर होती.